टॅब दिलात ना? मग आता शेजारीही बसा

आज डोकं तापलंय, म्हणून लिहितेय. लांबेल.

७४ वर्षांचे एक काका. मुलाने त्यांना मेंदूच्या व्यायामाचं ॲप घेऊन दिलं, वर्षाचे पैसे एकदम भरले आणि तो मोकळा झाला. आज काकांनी टॅब पुढे केला. पडद्यावर मोठ्या आकड्यांत ‘तुमच्या मेंदूचं वय : ८३’ आणि खाली लाल बाण. काका हळूच म्हणाले, “सुरू झालं म्हणायचं.”

काहीही सुरू झालेलं नाही! दहा मिनिटं त्यांच्या शेजारी बसलं की सगळा उलगडा होतो. काका हनुवटी वर करून बायफोकलच्या खालच्या भिंगातून बघतात. त्या इवल्याशा भिंगात पडद्याचा मधला भाग मावतो, कडा मावत नाहीत. आणि खेळातली गाडी क्षणभर चमकते ती नेमकी कडेला. दुसरं, बोट. वयाबरोबर कातडी कोरडी होते आणि कोरड्या बोटाचा स्पर्श टचस्क्रीनला नीट कळत नाही. काका अचूक चौकटीवर बोट टेकवतात, काही घडत नाही, म्हणून दाबून धरतात. टॅब ते ‘लाँग प्रेस’ समजतो. तोवर वेळ संपलेली. उत्तर बरोबर, गुण शून्य. आणि याला मेंदूचं वय म्हणायचं? हा आकडा म्हणजे कुठलंही वैद्यकीय मोजमाप नाही. त्यावरून कुणाच्या पोटात गोळा यावा, याचा मला संताप येतो.

दुरुस्ती पाच मिनिटांची आहे. टॅब मांडीवर नको, टेबलावर तिरका उभा करा, डोळ्यांपासून साधारण ४० सेंटिमीटरवर. दिवा किंवा खिडकी पाठीमागे नको, काचेवर चमक येते. बायफोकल काढून त्या अंतराचा साधा एकाच नंबरचा चष्मा लावा. बोटाला किंचित ओलावा, नाहीतर मऊ टोकाचा स्टायलस (पडद्यावर चालणारं पेन). सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटीत जाऊन ‘स्पर्श करून धरण्याचा’ वेळ वाढवा. पहिले दोन-तीन दिवस गुण बघूच नका, ते दिवस हात बसण्यात जातात.

या सरावाने काहीच होत नाही असं मी म्हणत नाही. अमेरिकेत ‘ॲक्टिव्ह’ नावाचा मोठा प्रयोग झाला. ६५ वर्षांपुढचे २,८३२ लोक होते. पाच-सहा आठवड्यांत १० बैठका, प्रत्येक तास-सव्वा तासाची, पुढे काहींना उजळणी. वेगाच्या सरावाच्या (पडद्यावरचं चटकन टिपण्याच्या) गटात १० वर्षांनी डिमेन्शियाचं, म्हणजे स्मृतिभ्रंशाचं, प्रमाण कमी दिसलं. ते मान्य. पण स्मरणशक्तीचे धडे गिरवलेल्यांत तसं दिसलं नाही. आणि त्या बैठकांत लोक एकटे नव्हते, छोटे गट होते, शिकवणारा समोर होता. हे जाहिरातीत कुणी सांगत नाही.

बाकी बहुतेक खेळांचं असं की जे घोटाल तेच सुधारतं. आकड्यांच्या चौकटी सोडवल्या की चौकटीच भराभर सुटतात. गोळी घेतली की नाही, ते त्याने आठवत नाही. ल्युमोसिटी या मेंदूच्या खेळांच्या ॲपच्या कंपनीला अशाच फुगवलेल्या दाव्यांपायी २०१६ मध्ये अमेरिकेत २० लाख डॉलर भरावे लागले.

आता मुलांनो, नीट ऐका. २०१४ मध्ये ४,८८५ ज्येष्ठांवरचे प्रयोग एकत्र तपासले गेले. घरी एकट्याने केलेल्या सरावाचा फायदा दिसलाच नाही. देखरेखीखाली, गटात केलेल्याचा दिसला, तोही माफकच. अर्ध्या तासाहून छोट्या बैठका वाया, आणि आठवड्यातून तीनदापेक्षा जास्त केलं तरी वाया. काका रोज, एकटे, पंधरा मिनिटं करत होते. म्हणजे नेमकं जे करू नये ते सगळं. चूक त्यांची आहे का?

आणि ज्याने मी खरी हादरले ते वेगळंच. काकांचं कानाचं मशीन ड्रॉवरमध्ये पडलंय. सहा महिने! खेळात चूक झाली की ‘टिंग’ वाजतं, ते त्यांना ऐकूच येत नाही. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०२४ च्या तज्ज्ञ आयोगाने डिमेन्शियाची टाळता येण्याजोगी १४ कारणं मांडली, जवळपास ४५ टक्के प्रकरणांशी जोडलेली. त्यात ऐकू कमी येणं अगदी वरच्या रांगेत आहे. बीपी, साखर, कोलेस्टेरॉल, नजर, एकटेपणा हेही त्यातच. मशीन लावलं की सगळ्यांचाच मेंदू वाचतो असं सिद्ध झालेलं नाही, बरं. पण ऐकूच आलं नाही तर माणूस बोलणं सोडतो, हे कळायला प्रयोग कशाला हवा?

मशीन “गोंगाट करतं” म्हणून सुटतं, कारण पहिल्याच दिवशी दिवसभर लावतात. शांत खोलीत, एकाच माणसाशी बोलताना, एक-दोन तासांपासून सुरुवात करा आणि हळूहळू वाढवा. आवाज बारीक झाला तर आधी नळीत मळ अडकलाय का बघा, मग सेल.

गुण अचानक घसरले तर ॲप नका बदलू. झोप, नवीन गोळ्या (सर्दी-ॲलर्जीच्या गुंगी आणणाऱ्या विशेषतः), बी-१२, थायरॉइड तपासा. ओळखीच्या रस्त्यावर चुकणं, एकच बिल दोनदा भरणं, रोजचं काम अर्ध्यात विसरणं असं दिसलं तर थेट डॉक्टर.

त्या मुलावर मी जरा जास्तच चिडले. लांब राहतो, काळजीपोटीच दिलं त्याने. फोनवर बोलणं झालं तर म्हणाला, “मला वाटलं तेवढं पुरेल.” आता आठवड्यातून तीन संध्याकाळी तो व्हिडिओ कॉल लावणार आहे. अर्धा तास दोघं एकच खेळ खेळणार, मशीन कानात घालून.

आज ड्रॉवरमधून ते काढलं तेव्हा सेल संपलेला होता. नवीन घातला. काकांनी कानात बसवलं, थोडा वेळ नुसते थांबले, मग म्हणाले, “पंखा एवढा वाजतो होय?”