आधी कोपर, मग चेहरा

नवीन क्रीम घरात आलं की पहिला मान माझ्या डाव्या कोपराचा. आतल्या बाजूला, हात दुमडतो तिथे, नाण्याएवढा ठिपका, दिवसातून दोनदा, सात ते दहा दिवस त्याच जागी. लाल झालं नाही, खाजलं नाही, पुटकुळ्या आल्या नाहीत तरच ते चेहऱ्यावर जाणार. याला पॅच टेस्ट म्हणतात. ऐकायला सोपंय, पण एवढे पैसे घालून मागवलेली बाटली आरशासमोर उभी करून ठेवायची आणि तिच्याकडे बघत नुसते दात घासायचे, याला काय लागतं ते करणाऱ्यालाच माहीत.

बरं, रोज तीच जागा सापडायला हवी ना, म्हणून मी बॉलपेनने गोल काढून ठेवते. एकदा लोकलमध्ये दांडा धरून उभी होते, बाही वर सरकली, तर शेजारच्या काकू कळवळून म्हणाल्या, "अगं बाई, गजकर्ण झालंय की!" मी म्हटलं, "काकू, पेन आहे ते." पण गाडी घाटकोपर सोडेपर्यंत त्यांनी पर्समधून अर्धी पिळलेली ट्यूब काढून माझ्या हातात ठेवलीसुद्धा. "आमच्याकडे सगळे हेच लावतात, खाजेला, पिंपलला, लेक तर रात्री तोंडाला लावते, काय गोरी झालीय." मागे बारीक अक्षरात लिहिलेलं, क्लोबेटासॉल. म्हणजे स्टिरॉइड, तेही जबरदस्त ताकदीचं. तोंडाला रोज लावलं की सुरुवातीला चेहरा छान साफ दिसतो, मग कातडी पातळ होते, लाल शिरा दिसायला लागतात, पिंपल येतात, आणि बंद करावं तर आणखी भडका उडतो म्हणून माणूस परत तेच लावतो. गजकर्णाला लावलं तर खाज थांबते पण बुरशी आत मजेत पसरते. हे सगळं मी दादर यायच्या आत सांगितलं, आणि लेकीला एकदम बंद नका करायला लावू, आधी स्किनच्या डॉक्टरला दाखवा, हेही. काकूंनी ट्यूब परत पर्समध्ये टाकली आणि म्हणाल्या, "पण मेडिकलवाला तर चिठ्ठी न मागता देतो." तेच तर दुखणं आहे ना!

घरी वेगळी आघाडी. सासूबाईंचं म्हणणं, केमिकल कशाला, नॅचरल लावावं. मी म्हटलं, आई, बिब्बा पण नॅचरलच की. त्यावर त्या गप्प बसल्या, कारण बिब्बा उतलेला माणूस त्यांनी बघितलाय. लिंबाचंही तसंच, चोळून उन्हात गेलं की फोड येतात, नाहीतर काळे डाग, आणि ते जायला महिने लागतात. बेसनाला मात्र मी काही बोलले नाही, घरात राहायचंय मला.

पण सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते मावसबहिणीने. तिच्या दिराचं लग्न तोंडावर, आणि हिने एकाच रात्री व्हिटॅमिन सी, सॅलिसिलिक ॲसिड, नायसिनमाइड आणि वरून रेटिनॉल, म्हणजे व्हिटॅमिन ए वालं क्रीम, सगळं थापलं. सकाळी व्हिडिओ कॉल, चेहरा टोमॅटो. "ताई, कशाने झालं गं?" आता चार संशयित एकदम घरात घुसल्यावर कोणाचं नाव घेणार? म्हणून तर एका वेळी एकच नवीन वस्तू आणायची, ती अंगवळणी पडली की मग दुसरी. आणि लग्न, मुंज, पासपोर्टचा फोटो यांच्या आधीच्या आठवड्यात तर नवीन काही नाहीच. तिला म्हटलं, सगळं बंद, साधं मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन, डोळे सुजले किंवा श्वासाला त्रास झाला तर मला फोन नाही करायचा, सरळ हॉस्पिटल. ती म्हणाली, "आणि हळदीच्या फोटोंचं काय?" म्हटलं, सगळे पिवळेच असणारेत, उभी राहा.

तर यावेळी कोपरावर होतं ते माझं नवीन रेटिनॉल. कोपर पास झालं. थोडं कोरडं पडलं, पण रेटिनॉलचं तेवढं चालतं. रात्री सनस्क्रीन उद्यासाठी समोर काढून ठेवलं, तोंड धुतलं, पुसून कोरडं केलं, वाटाण्याएवढंच घ्यायचं असं स्वतःला बजावत ट्यूब दाबली तर नुसती हवा. बाहेर नवरा सोफ्यावर पाय पसरून बसलेला, टाचा चकाचक.

"अगं, ते भेगांचं क्रीम संपलं बरं का," तो म्हणाला, "येताना दोन आण, मस्त आहे."