१३ चा पाना

शिरोली एमआयडीसीत एका वर्कशॉपला मी डिझाइनला आहे. घरच्यांना वाटतं पोरगं दिवसभर एसीत बसून थ्रीडी चित्रं काढतंय. काढतोय की, पण पार्ट काढणं लई सोपं ओ, ते एकमेकाला जोडताना रडू येतं.

मध्यंतरी एका फिक्स्चरची (जॉब पकडून ठेवायच्या साधनाची) असेंब्ली लावत होतो. बेस प्लेट फिक्स केली, वर ब्रॅकेट आणला. सुट्या पार्टला सहा वाटा मोकळ्या असतात, तीन सरकायच्या, तीन फिरायच्या, माउस लागला की गडी निघाला रंकाळ्यावर फिरायला. म्हणून मेट लावायचे, म्हणजे कुठला पार्ट कुठं चिकटायचा त्या अटी. तळाला तळ चिकटवला, एका भोकाला भोक कॉन्सेंट्रिक केलं, म्हणजे दोघांचं केंद्र एक केलं, आता ब्रॅकेट नुसता त्या भोकाभोवती गरगरतोय, म्हटलं झालंच की, दुसऱ्या भोकाला पण कॉन्सेंट्रिक दिलं आणि बाजूची पार्टांची अख्खी यादी, ती ट्री, तांबड्या रश्श्यागत लालभडक. ओव्हरडिफाइन्ड! म्हणजे अटी एकमेकात भांडायला लागल्या.

मेट उडवला, परत लावला, परत लाल. बंद करून चालू केलं (हा उपाय आपल्याकडं मिक्सरपासून सगळ्याला चालतो). चहा मारून आलो. दोन तासांनी डोकं चाललं आणि मापं काढली. प्लेटच्या दोन भोकांतलं अंतर १२० मिलिमीटर, ब्रॅकेटचं ११९.९८. ब्रॅकेट आमच्या नव्या पोरानं जुन्या सँपलवरनं व्हर्नियरनं मोजून काढलेला, व्हर्नियरचा लीस्ट काउंटच, म्हणजे त्यावर दिसणारं सगळ्यात बारीक मापच ०.०२, दिसलं तसं टाकलं बिचाऱ्यानं. आता एम८ च्या बोल्टाला भोक ९ चं, म्हणजे खाली शॉपवर अख्खा एक मिलिमीटर हलायला जागा, मिस्त्रीमामा गप्पा मारत मारत बसवतील. पण कॉम्प्युटर कसला ऐकतोय, त्याला ०.०२ म्हणजे बांधाचं भांडण.

१२० केलं, लाल गेलं. पार्ट एकमेकात घुसतायत का बघायला इंटरफिअरन्स चेक मारला, शून्य! स्क्रीनचा फोटो स्टेटसला पण ठेवला.

पंधरा दिवसांनी शॉपवरनं हाक. मामा कमरेवर हात ठेवून उभे.

"सायेब, बोल्ट बसला. आता पाना कुठनं घालू तेवढं सांगा."

बोल्टाचं डोकं आणि ब्रॅकेटची रिब (मजबुतीची पट्टी) ह्यात जेमतेम दोन मिलिमीटर. पाना जाईना, बॉक्स पाना उतरंना. स्क्रीनवर बोल्ट आवळावा कुठं लागतोय, मेट लावला की आवळला! मामांनी ग्राइंडरनं रिब खाल्ली, आणि सगळा वेळ माझ्याकडं बघत खाल्ली.

तवापासनं शहाणा झालोय. एम८ ला लागणारा १३ चा पानाच मॉडेल करून ठेवलाय, प्रत्येक असेंब्लीत चारी बोल्टांवर बसवून फिरवून बघतो, मगच ड्रॉइंग सोडतो. गेल्या आठवड्यात घाई होती, ते पाने असेंब्लीतनं काढून टाकायचे राहिले आणि बिल ऑफ मटेरियल, म्हणजे मागवायच्या सामानाची यादी, तसंच परचेसला गेलं.

काल स्टोअरमधनं फोन. "साहेब, सहा सेटचे १३ चे पाने आलेत, चोवीस नग. हे नेमके कुठं बसवायचेत?"