खुलासा : ‘प्लाझ्माने रिकामा ड्रम बिनधास्त कापा’ हे चूक

फॅब्रिकेशनवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक सल्ला फिरतोय : प्लाझ्मा कटरला (विजेच्या अतितप्त ज्योतीने धातू कापणारं यंत्र) ॲसिटिलीन, म्हणजे गॅस कटरचा ज्वलनशील वायू, लागत नाही, नुसती हवा लागते, त्यामुळे डिझेलचा रिकामा ड्रम थेट कापायला हरकत नाही.

पहिलं अर्धं वाक्य खरं आहे, दुसरं जिवावर बेतणारं. स्फोट ॲसिटिलीनचा नव्हे, ड्रममध्ये उरलेल्या वाफेचा होतो, आणि प्लाझ्माच्या ज्योतीचं तापमान २०,००० अंश सेल्सिअसच्या आसपास जातं. वास येत नाही म्हणून ड्रम स्वच्छ, असं धरू नका. सांध्यात मुरलेलं तेल तापलं की पुन्हा वाफ होते.

त्याच मेसेजात ‘साधा काळा गॉगल पुरे’ असंही आहे. उन्हाचा गॉगल इथे कामाचा नाही. कटरचा करंट ४० ॲम्पियरपर्यंत असेल तर किमान ५ नंबरची काच (नंबर गडदपणाचा), ६० पर्यंत ६ नंबरची.

‘खाली स्लॅग चिकटला की ॲम्पियर वाढवा’ हेही अर्धवटच. (स्लॅग म्हणजे कापताना वितळून कडेला थिजलेला धातू.) जाड, फुगीर आणि सहज निघणारा स्लॅग म्हणजे हात हळू चाललाय. बारीक, घट्ट आणि ग्राइंडरशिवाय न निघणारा म्हणजे घाई होतेय. ठिणग्या खाली, किंचित मागे पडत असतील तर वेग बरोबर. तरीही कड खराब येत असेल तर आधी नोझल (ज्योत बाहेर पडते ते टोक) बघा, मग हवा पुरवणाऱ्या कॉम्प्रेसरमध्ये साचलेलं पाणी काढा. (पावसाळ्यात हे रोजचंच.) ओल्या हवेने नोझल आणि इलेक्ट्रोड दोन्ही भराभर जळतात.