घर : 20 पैकी 7

घर आणि इमारती यांविषयीच्या इंग्रजी शब्दांची चाचणी झाली. मला 20 पैकी 7 मिळाले. अण्णांना 19. या माणसाच्या तोंडून आजवर क्रियापद म्हणून 'इज' सोडून दुसरं काही बाहेर पडलेलं मी ऐकलेलं नाही.

पन्नाशी उलटल्यावर मी इंग्रजीच्या क्लासला का जातो, ते सोडा. सून बंगळुरूची आहे आणि व्याह्यांशी फोनवर 'हॅलो'च्या पुढे काय बोलायचं हा प्रश्न आहे, एवढं पुरे. क्लासवाल्यांनी मला 'इंटरमीडिएट' गटात टाकलं. म्हणजे अगदीच येत नाही असं नाही, पण येतं असंही कुणी म्हणणार नाही.

तर मॅडमनी कागद वाटले. कागदावर एका घराचं चित्र. उतरतं छप्पर, त्यावर धुराडं, खाली फायरप्लेस, फायरप्लेसवर मँटलपीस, मँटलपीसवर कुटुंबाचे फोटो. वर अ‍ॅटिक, खाली तळघर, पुढे हिरवंगार लॉन. बाहेर सोलापूरचा एप्रिल. वर्गातला पंखा गरम हवा एका बाकावरून दुसऱ्या बाकावर पोचवतोय, निम्म्या लोकांच्या मानेवर ओले रुमाल, आणि सगळे मिळून घोकतायत, 'वी सिट निअर द फायरप्लेस'.

प्रश्न होता, घरातले फोटो कुठे ठेवता? मी लिहिलं, कोनाड्यात. इंग्रजी अक्षरांत लिहिलं, पण कोनाड्यातच. लाल काट. उत्तर हवं होतं, मँटलपीसवर. पुढचा प्रश्न, छप्पर कशाचं? मी लिहिलं, मड. त्यापुढे मॅडमनी लाल शाईत 'टाइल्स?' असं लिहून एक प्रश्नचिन्ह टाकलंय, ते अजून डोळ्यांसमोरून जात नाही. साखर पेठेतलं आमचं घर माळवदाचं आहे. तुळया, त्यांवर फळ्या, त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर, आणि उजेडासाठी मध्ये एक सवणं. भर उन्हाळ्यात दुपारी सोप्यात चटई टाकून गार झोप लागते. पावसाळ्यात मात्र कुठलं पातेलं कुठे ठेवायचं हे घरातल्या लहान पोरांनाही पाठ आहे. मॅडम पंचविशीच्या, जुळे सोलापुरात वाढलेल्या. त्यांनी माळवद पाहिलेलंच नसणार. त्यांची काही चूक नाही, असं मी क्लासपासून घरापर्यंत स्वतःला बजावत आलो. आसरा चौकापर्यंत पटलं. पुढे नाही.

आता अण्णा. अण्णा प्लॉटिंगमध्ये आहेत. होटगी रोडला काहीतरी, विजापूर रोडला काहीतरी, अक्कलकोट रोडला 'येतंय'. पांढराशुभ्र शर्ट, दोन मोबाइल आणि लग्नात नवरीच्या मामाच्या चेहऱ्यावर असते तशी सगळी सूत्रं आपल्याच हातात असल्याची कळा. पहिल्या बाकावर बसतात. त्यांचं सगळं इंग्रजी ब्रोशरमधून आलेलं आहे, आणि ते ब्रोशरबाहेर पाऊल टाकत नाही.

मॅडमनी विचारलं, "अण्णा, टेल मी अबाउट युवर किचन."

अण्णा उभे राहिले. "मॅडम, किचन इज ईस्ट फेसिंग. विथ ड्राय बाल्कनी. ग्रॅनाइट ओटा. मॉड्युलर ट्रॉली एक्स्ट्रा."

"व्हेरी गुड! नाऊ, पास्ट टेन्स. युवर ओल्ड हाऊस..."

"सोल्ड आउट."

"ओके... प्रेझेंट?"

"रेडी पझेशन."

"फ्युचर?"

"अपकमिंग, मॅडम. प्री-लाँच रेट इज गोइंग ऑन."

वर्ग हसला, मॅडमही हसल्या, पण त्यांनी 'गुड' म्हटलं! मला तिथेच बोचलं. मी पास्ट परफेक्ट घोटून आलो होतो.

मग सोलापुरातल्या एखाद्या प्रसिद्ध इमारतीविषयी बोलायचं होतं. मी इंद्रभुवन निवडलं. अप्पासाहेब वारदांनी राहायला बांधलेला तो वाडा, आता तिथे महापालिका आहे, दर्शनी भागावर काय कोरीवकाम आहे, वगैरे. 'स्कल्प्चर' या शब्दावर माझी जीभ अडखळली आणि मॅडमनी घड्याळ पाहिलं. अण्णांनी भुईकोट किल्ला घेतला. चौदाव्या शतकातला, बहामनी काळातला किल्ला. अण्णांनी शतकात वेळ घालवला नाही. "मॅडम, किल्ला इज गेटेड कम्युनिटी. डबल कंपाउंड वॉल. लेक व्ह्यू. सिद्धेश्वर टेम्पल वॉकिंग डिस्टन्स. चोवीस तास सिक्युरिटी." थोडं थांबून म्हणाले, "ओन्ली पार्किंग प्रॉब्लेम." टाळ्या. खोटं यात एक अक्षर नाही, हीच तर पंचाईत आहे. तटबंदी दुहेरी आहे, शेजारी तळं आहे, देऊळ चालत जाण्यासारखं आहे.

शेवटी जोड्या लावल्या. एकाने आपल्या घराचं वर्णन करायचं, दुसऱ्याने प्रश्न विचारायचे. माझ्या वाट्याला अण्णा.

मी म्हटलं, "माय हाऊस इज ओल्ड. इट हॅज सात खण."

"सेव्हन बीएचके?" अण्णा ताठ बसले.

मी मराठीत सांगितलं की अण्णा, खण म्हणजे दोन तुळयांमधली जागा, जुन्या लोकांचं माप. अण्णांनी मोबाइलवर कॅल्क्युलेटर उघडला. "एक खण म्हणजे किती स्क्वेअर फूट पकडू?" मी म्हटलं, घरागणिक वेगळा. "असं नसतंय की ओ सर. रेट कसा काढायचा मग?" मग आवाज खाली आणून, "उतारा तुमच्या एकट्याच्या नावावर हाय, का भावकीत?" मी सरळपणे सांगितलं, भावकीत. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. मॅडम फिरत आल्या. अण्णांनी माझ्या आजोबांच्या घराचं वर्णन वाचून दाखवलं: "ओल्ड स्ट्रक्चर. सेव्हन खण. प्राइम लोकेशन. लँड व्हॅल्यू ओन्ली."

"एक्सलंट!"

लँड व्हॅल्यू ओन्ली. माझा जन्म तिथल्या माजघरात झाला, आजी देवघराच्या उंबऱ्याशी बसून शेंगा फोडायची, आणि या सगळ्याची किंमत चटणीतल्या मिठाएवढीही धरलेली नाही.

या प्लॉटिंग-फ्लॅटवाल्या लोकांची शब्दांची हौस दांडगी. कार्पेट एरिया, बिल्ट-अप, सुपर बिल्ट-अप. 2016 साली बिल्डरांवर नियंत्रण ठेवणारा रेराचा कायदा आला म्हणून बरं, त्यात कार्पेटची व्याख्या तरी पक्की केली: बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि उघडी गच्ची वगळायची, आतल्या भिंती मात्र धरायच्या. म्हणजे पैसे दिलेल्या जागेतली काही जागा भिंतीच्या पोटात. आणि सोलापुरात कार्पेट अंथरतं कोण? गावाला 2005 साली चादरीसाठी भौगोलिक मानांकन मिळालं. निदान इथे तरी चादर एरिया म्हणा. ब्रोशरात स्विमिंग पूल असतो. नळाला पाणी काही दिवसांआड, उजनीची पाइपलाइन फुटली तर त्याहून उशिरा, आणि हे पोहायला बोलावतायत. इकडे कुंभारीला रे नगरमध्ये जानेवारी 2024 मध्ये 15,000 कामगारांना घरं मिळाली. विडी वळणाऱ्या, यंत्रमागावर उभ्या राहणाऱ्या बायकांनी आंदोलनं करून मिळवलेली. त्या घरांत अ‍ॅटिक नाही, लॉन नाही. मॅडमच्या कागदात तसल्या घराचं चित्र कुठेच नव्हतं. माझ्याही घराचं नव्हतं. विसातले तेरा मार्क तिथे गेलेत.

रात्री चडफडत शब्दकोश उघडला, आणि झोपच उडाली. पेंटहाऊस हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आलाय, मूळ अर्थ भिंतीला टेकवून काढलेलं उतरतं छप्पर. म्हणजे पडवी! आमच्याकडे जिथे म्हैस बांधायचे ती. व्हिला म्हणजे रोमन लोकांची शेतावरची वस्ती. बार्शी-मोहोळकडे हजारो असतील. आणि फॉयर ही तर फ्रेंचांची चूल, जिथे आता चपला काढतात.

दुसऱ्या दिवशी क्लास सुरू व्हायच्या आधीच अण्णांना गाठलं आणि पेंटहाऊसची पडवी करून दाखवली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. दोन्ही मोबाइल उलटे ठेवले. म्हणाले, "सर, हे कस्टमरसमोर बोलू नका हां." मग जरा विचार करून, "तुमच्याकडं पडवी किती स्क्वेअर फूट हाय?"

परवा पुण्याहून चुलतभावाचा फोन. "दादा, घर विकायला काढलंस म्हणे? आम्हाला विचारलं पण नाहीस?" मी म्हटलं, कोण म्हणालं? त्याच्या मेव्हण्याच्या मोबाइलवर फोटोसकट आलं होतं. साखर पेठ, सात खण, प्राइम लोकेशन. अर्धा तास समजूत घातली की अरे, तो इंग्रजीचा अभ्यास होता. त्याला पटलं नाही. फोन ठेवता ठेवता मात्र त्याने हळूच विचारलं, "पण रेट काय सांगितलाय रे?"

मॅडमना तक्रार करायला गेलो. त्या म्हणाल्या, "इन इंग्लिश, प्लीज." फी परत मिळत नाही, तेव्हा जातोय. पुढच्या आठवड्यात 'फॅमिली अँड रिलेटिव्ह्ज' हा धडा आहे. अण्णांनी आतापासूनच माझ्या शेजारची जागा धरून ठेवलीय. एकूण वारस किती, हे त्यांना अजून कळलेलं नाही.