ती पाल अश्रू पीत नाही

मोठ्या डोळ्यांच्या एका गुलाबी पालीचा फोटो सध्या ग्रुपांवर फिरतोय. खाली मजकूर: ‘नामिब वाळवंटातली ही पाल स्वतःचे अश्रू पिऊन जगते, बदकासारख्या पायांनी वाळूत पोहते आणि अंधारात दिव्यासारखी उजळते.’ पाल खरी आहे, नैऋत्य आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या नामिबमधलीच. पॅकिडॅक्टिलस रेंजेई तिचं शास्त्रीय नाव, लांबी वीतभरही नाही. मजकूर मात्र अर्धाकच्चा आहे.

आधी अश्रू. या पालीला पापण्या नाहीत. डोळ्यावर सापासारखा पारदर्शक पडदा कायमचा बसलेला असतो. अश्रू त्या पडद्याच्या आत झरतात आणि आतल्या आतच नळीने तोंडाकडे जातात. बाहेरून जीभ कितीही फिरवली तरी ते तिला लागायचे नाहीत. मग चाटते कशाला? धूळ पुसायला. आपल्या ट्यूबलाइटमागची पालही हेच करते, तिला कुठे पाण्याचा दुष्काळ आहे!

पण चाटताना जिभेला पाणी लागतं, हे खरं. आणि नेमकं इथेच मजकूर लिहिणाऱ्याला नामिब कळलेलं नाही. वाळवंट म्हटलं की आपल्याला जैसलमेरची भट्टी आठवते. नामिबच्या किनाऱ्यावर वर्षाला जेमतेम 20 मिलिमीटर पाऊस, पण शेजारच्या अटलांटिकमध्ये बेंग्वेलाचा थंड प्रवाह वाहतो. त्याच्यावरची दमट हवा गारठते आणि धुकं रात्री-पहाटे वाळूच्या टेकड्यांवर चढतं. बिळाबाहेर आलेल्या पालीच्या अंगावर, डोळ्यांवरही, त्याचे थेंब धरतात. ती पिते ते हे समुद्राचं धुकं. शिवाय किडे, कोळी, वाळवी यांतला ओलावा आहेच.

पायांचं म्हणाल तर बोटांमध्ये पडदा आहे, पण तो पोहायला नाही. त्यात बारीक कूर्चा आणि स्नायू असतात, त्यामुळे पंजाचं फावडं होतं. भुसभुशीत वाळूत बीळ खणायचं आणि दिवसभर त्यातल्या गारव्यात पडून राहायचं, हा तिचा क्रम. भिंतीला चिकटण्याची कला मात्र तिच्या जातीने जवळजवळ गमावली आहे.

राहिला दिवा. 2021 मध्ये जर्मन संशोधकांनी दाखवलं की अतिनील दिव्याखाली तिच्या डोळ्यांभोवतीची कडा आणि कुशीवरचा पट्टा हिरवा चमकतो. ही चमक बाहेरून पडलेल्या प्रकाशाची. काजव्यासारखा तिचा स्वतःचा उजेड नाही. चंद्रप्रकाशात ही चमक या पालींना एकमेकींना दुरून ओळखायला उपयोगी पडत असावी, असा त्यांचा अंदाज. मिट्ट काळोखात ती आपल्या घरच्या पालीइतकीच काळोखी.