नोटेवरची नक्षी शोभेची नाही

दापोली-हर्णैकडच्या ग्रुपवर सध्या एक संदेश फिरतोय: ‘नोटेवरची नक्षी नुसती शोभेची, कलर झेरॉक्सपुढे तिचं काही चालत नाही. नोट तपासायचा निळा दिवा (अतिनील, म्हणजे यूव्ही) घ्या. आणि नंबरात चांदणी (*) दिसली की नोट खोटी.’ हे खरं मानलं तर बंदरावरच्या मासळीवाल्या मावश्यांच्या चांगल्या नोटा परत केल्या जातील, म्हणून उत्तर देणं भाग आहे.

नक्षी शोभेची? पाचशेची कोरी नोट घ्या. गांधीजींचं चित्र, अशोकस्तंभ आणि दोन्ही कडांच्या पाच-पाच तिरक्या रेघा यांवरून नख फिरवा. अडकतं. धातूच्या पत्र्यात रेघा खोल कोरतात, खाचांत शाई भरतात, वरची पुसून घेतात आणि कागद प्रचंड दाबाने त्यावर दाबतात. कागद खाचेत शिरून शाई उचलतो, म्हणून रेघ वर उठून राहते. झेरॉक्सला हे जमत नाही. भिंग लावा: खऱ्या नोटेवर गांधीजींच्या चेहऱ्यावरची रेघ सलग, भरीव दिसते, कलर प्रिंटमध्ये तीच ठिपक्याठिपक्यांत फुटते. संध्याकाळच्या लिलावात, ओल्या वाळूवर उभं राहून पैसे घेताना बोटांनी होणारी ही तपासणी फार मोलाची आहे.

वापरून मऊ पडलेल्या नोटेवर हा उठाव झिजतो, हे खरं. तेव्हा नोट तिरकी करा. कागदात बसवलेला उभा चकाकता धागा हिरव्याचा निळा झाला पाहिजे.

दिव्याचं म्हणाल तर अस्सल कागद त्याखाली चमकत नाही. नंबर आणि कागदातले तंतू मात्र उजळतात. पण खिशात राहून पावडरीत धुतली गेलेली खरी नोटही दिव्याखाली पांढरी-निळी चकाकते, कारण पावडरीत कपडे उजळवणारं रसायन असतं. एकट्या दिव्यावर निकाल देणं चुकीचंच.

चांदणीची गोष्ट तर सरळ खोटी. छपाईत बिघडलेल्या नोटेच्या जागी बंडलात चांदणीची नोट घालतात. लहान नोटांत हे 2006 पासून आहे, नव्या पाचशेत 2016 पासून. रिझर्व्ह बँकेने 2023 मध्ये पुन्हा स्पष्ट केलं की ती पूर्ण वैध आहे.

शंका राहिलीच तर नोट बँकेत दाखवा. खोटी निघाली तर बँक ती जप्त करते, बदली पैसे मिळत नाहीत, पण पावती मागून घ्या. खोटी आहे हे कळल्यावर ती दुसऱ्याच्या गळ्यात मारणं मात्र गुन्हा आहे.