सहा तारखेचं दूध

मागच्या मार्गशीर्षात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक लग्नपत्रिका आली. पाठवणारे तिसऱ्या मजल्यावरचे काका. वर गणपती, खाली दोन गुलाबं आणि त्याखाली एक फाइल. हिने चष्मा कपाळावर सरकवून स्क्रीन नाकाशी धरली आणि म्हणाली, "परत?" काकांच्या एकुलत्या एक मुलाच्या लग्नाला सात वर्षं झालीत. त्या लग्नात शेवटच्या पंगतीला जिलबी कमी पडली, हा विषय अजून बंद झालेला नाही.

पत्रिका काकांनी पाठवलीच नव्हती, त्यांच्या फोनने परस्पर पाठवली. त्यांना ती आदल्या दिवशी कुणाकडून तरी आली होती. नावाच्या शेवटी ‘डॉट एपीके’ अशी शेपटी. ही शेपटी दिसली की समजायचं, आत पत्रिका नाही, अख्खं ॲप आहे. फोनने बिचाऱ्याने विचारलं होतं, हे धोक्याचं असू शकतं, घ्यायचं का? काका ‘हो’ म्हणाले. मेसेज वाचू देता का? हो. लग्नकार्यात नाही कसं म्हणायचं! आता बँकेचा ओटीपी आधी चोर वाचणार, मग काका. मुलाने धावत येऊन नेट बंद केलं, सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठीच्या १९३० या नंबरला फोन लावला, बँकेला कळवलं. एवढ्या धावपळीत गेले किती? तीनशे बारा रुपये. बाकीचे सगळे एफडीत. काकांना पैशांचं वाईट वाटलंच नाही. "मुलगी कुठली ते काही शेवटपर्यंत कळलं नाही हो," एवढंच म्हणाले.

मी मात्र धसका घेतला आणि रविवारी भाचीला बोलावलं. ती हिंजवडीत कॉम्प्युटरमधलंच काहीतरी करते. आमच्यात तेवढ्यावर माणूस तज्ज्ञ ठरतो. अळूवडी खाता खाता तिने एका हाताने माझा फोन तपासायला घेतला.

"मामा, टॉर्चच्या ॲपला तुमचे सगळे नंबर कशाला दिलेत?"

"अंधारात कुणाला हाक मारायची वेळ आली तर?"

ती हसली नाही. टॉर्च फोनमध्ये आधीपासूनच होता म्हणे, म्हणजे मी उजेडावर उजेड पाडत होतो. एका फोटोच्या ॲपला माझा माइक चालू होता. दोन वर्षं ते आमच्या घरातली भांडणं ऐकत असेल तर त्याचीच मला दया येते. पंचांगाला मात्र तिने ठिकाणाची परवानगी राहू दिली. सूर्योदय गावागणिक बदलतो, त्याची मागणी रास्त होती.

मग पिन. स्क्रीनला सहा आकडी, व्हॉट्सॲपला सहा आकडी, यूपीआयला वेगळा आणि सिमकार्डाला चार आकडी. सिमला कशाला? तर चोराने फोन न उघडता नुसतं सिम काढून दुसऱ्या फोनात घातलं, तरी ओटीपी त्याच्याकडे जातात. पटलं. वाढदिवस नको, गाडीचा नंबर नको, एकालाही दुसऱ्यासारखा नको. लहानपणी अडीचकी पाठ करून घेत, ते बहुधा याच दिवसासाठी.

सोमवारी सकाळी फोन आपणहून बंद होऊन चालू झाला आणि सिमचा पिन मागू लागला. मी यूपीआयचा दिला. मग व्हॉट्सॲपचा, त्यातले चारच आकडे. मग देवाचं नाव घेऊन लग्नाची तारीख. ती चुकली, आणि हिच्यासमोर चुकली. तीन चुका झाल्यावर फोनने पीयूके मागितला, म्हणजे अडकलेलं सिम सोडवायचा आकडा. तो आठ आकडी, दहा वेळा चुकला की सिम कायमचं गेलं. आकडा कंपनीच्या दुकानात मिळणार, आणि दुकानवाल्याला आधारची झेरॉक्स हवी.

भाचीने आधारचीही सोय केली होती. नंबर झाकलेलं आधार मिळतं, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. ते घेऊन ऐटीत कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे गेलो. फोनला घरचं वायफाय होतं तोवर फाइल त्याच्या नंबरवर पाठवून ठेवली होती. त्याच्या स्क्रीनवर व्हॉट्सॲप उघडंच असतं. माझ्या वर कुणाचा तरी सातबारा, कुणाचं पॅनकार्ड, खाली आमच्या ब्लॉकमधल्या एका बाईंचा शाळा सोडल्याचा दाखला. बाई आमच्यापेक्षा चार वर्षांनी मोठ्या निघाल्या. मी लगेच नजर वळवली, पण गणित करून झालं होतं.

२४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं एकमताने सांगितलं. नऊ जणांचं एकमत! आमच्या घरी चौघांचं भाजीवर होत नाही. ती बातमी मी पेपरात वाचली तेव्हा ही माझ्या खांद्यावरून तीच वाचत होती. पण त्या नऊ जणांनी आमचा झेरॉक्सवाला पाहिला नसावा.

"काका, तुमच्या आधारात फॉल्ट आहे. नंबरच आला नाही, फुल्या आल्यात."

"फॉल्ट नाही, मुद्दाम झाकलाय. सुरक्षेसाठी."

"असं होय!" तो मनापासून हळहळला. "पण त्यांनी नाही घेतलं तर हेलपाटा पडेल ना तुम्हाला. थांबा." आणि त्याने माउस फिरवून फिरवून एका फोल्डरमधून माझं २०२१ सालचं अख्खं आधार काढलं, बारा आकडे, पत्ता, जन्मतारीख, सगळं ठणठणीत. "तुमचं आहेच माझ्याकडे. वहिनींचं पण आहे. काढू?"

मी भाचीचं सगळं शिकवणं आठवून गंभीरपणे म्हणालो, हे डिलीट करा. "करतो की," म्हणाला, "पण मग पुढच्या वेळी तुम्हालाच त्रास." पाच रुपये घेतले आणि एक प्रत जास्त दिली. लागतेच म्हणे.

पीयूके मिळाला. दुकानातल्या मुलीने तो मोठ्याने वाचून दाखवला, मागच्या रांगेतल्या दोघांनी माझ्या सोयीसाठी पुन्हा म्हटला. घरी येऊन नवा पिन ठेवला आणि हिच्या कानात हळूच सांगितला. हिने तो विसरायला नको म्हणून भिंतीवरच्या कालनिर्णयवर लिहून टाकला, सहा तारखेच्या चौकोनात, दुधाच्या लिटरांच्या खाली. कुणाला संशय यायला नको म्हणून तिथे लिहिला, हे तिने मला वर समजावूनही सांगितलं.

एक तारखेला दूधवाला हिशोबाला आला. नेहमीप्रमाणे चौकोनांवरून बोट फिरवत गेला आणि सहा तारखेवर थांबला.

"वहिनी, त्या दिवशी ४७५० लिटर?"